सीताफळं देऊन मडकं

सहाव्या पानावर मुलं हसली. तिथं विनोद नव्हता.

जळकोटजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी दुसरीच्या मुलांसमोर सतरंजीवर बसले होते. हातात नव्या चित्रपुस्तकाची डमी होती. डमी म्हणजे छपाईआधी साधी प्रिंट काढून, हातानं शिवलेलं कच्चं पुस्तक. मी नांदेडला राहते, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. हे काम लातूरच्या एका छोट्या प्रकाशनाचं होतं. विषय अर्थशास्त्र, वाचक सात-आठ वर्षांचे. ‘पैसा’ हा शब्दही न वापरता देवाणघेवाण समजावायची होती.

गोष्ट साधी. चिमीकडं टोपलीभर सीताफळं असतात. ती गावात फिरते, सीताफळं देऊन वस्तू घेते. सहाव्या पानावर कुंभार खूश होऊन तिला मडकं देतो. त्याचं ते हसू मी जीव लावून रंगवलं होतं.

“काय झालं?” मी विचारलं.

पुढं बसलेली आरोही म्हणाली, “मॅडम, सीताफळासाठी कोण मडकं देतं?”

“का? सीताफळ आवडत नाही तुला?”

“आवडतं की. पर बांधावर लई हायत. जायचं अन् तोडायचं. ह्यो कशापायी मडकं द्यायलाय?”

मागून समर्थ म्हणाला, “त्येचं चाक फिरायलंय. हाताला माती हाय. तो कवा जाणार तोडायला?”

“मग त्येची बायको जाईल.”

“तिला बी काम हाय.”

वर्गात दोन तट पडले. वर्गशिक्षक मुंडे सर मुलांना गप्प करायला पुढं आले. मी म्हटलं, “सर, राहू द्या. भांडू द्या त्यांना.”

ढीगभर असलेल्या वस्तूला भाव नसतो, हे आरोहीचं म्हणणं. वेळेलाही किंमत असते, हे समर्थचं. मोठ्यांच्या पुस्तकात यावर एकेक धडा असतो. कोण जिंकतं, याची मला उत्सुकता लागली. सरांनी शाळेमागच्या झाडाची सीताफळं आणवली. मी ती मधोमध ठेवली. “कोण काय देईल यांच्या बदल्यात?”

कुणी काही दिलं नाही. शेवटी एकीनं खडूचा तुकडा पुढं केला. का, विचारलं तर म्हणाली, “तुमाला वाईट वाटंल म्हणून.”

दुसऱ्या दिवशी लातूर शहरातल्या एका शाळेत तेच पान वाचलं. तिथं कुणी हसलं नाही. उलट एक मुलगा चिडून म्हणाला, “एवढी सीताफळं घेऊन एकच मडकं? फसवलं तिला.”

मी थेट प्रकाशनाच्या ऑफिसात गेले. आमच्या संपादक वैशालीताईंनी सगळं ऐकून घेतलं.

“आता कुणाचं खरं धरायचं?”

“दोघांचं.”

“पुस्तक एकच आहे गं आपलं. आणि प्रेसवाला रोज फोन करतोय.”

मी म्हटलं, तीच चिमी, तीच टोपली. गावातला कुंभार नको म्हणतो. मग ती वडिलांबरोबर एसटीनं लातूरला जाते, आणि तिथं लोक टोपलीभोवती गोळा होतात.

“म्हणजे एक स्प्रेड वाढणार.”

स्प्रेड म्हणजे समोरासमोरची दोन पानं. ती अशी वाढवता येत नाहीत. मोठा कागद छापून, घड्या घालून पानं होतात, त्यामुळं त्यांची संख्या ठरलेली असते. दोन पानं आत घ्यायची तर दोन बाहेर काढावी लागतात.

“कोणतं काढतेस?” ताईंनी विचारलं.

मी डमी पुन्हा पुन्हा चाळली. “किल्ल्याचं. चिमी वाटेत थांबते ते.”

कंधारच्या किल्ल्यात बसून मी ते स्केच केलं होतं. दगड न् दगड रंगवला होता. पुस्तकातलं माझं सगळ्यात आवडतं चित्र तेच.

“अगं, ते तर कव्हरला घ्यायचं होतं.”

“तिथं कुणी काही देत नाही, घेत नाही. नुसतं सुंदर आहे.”

असं बोलून गेले खरी, पण नांदेडला परतताना गाडीत डमी उघडून तेच पान बघत होते. घरी येऊन आधी एसटी काढायला घेतली.

नवी डमी घेऊन मी पुन्हा जळकोटकडं गेले. चित्रातल्या कुंभारानं नको म्हणून मान हलवली, या वेळी कुणी हसलं नाही. पान उलटलं. लातूरचं स्टँड, गर्दी, टोपली. आरोही पुढं सरकली, तिनं चित्रावर बोट ठेवलं.

“मॅडम, लातुरात सीताफळाची झाडं न्हाईत?”

“शहरात कमी आहेत.”

“मग तिथल्या लोकांकडं काय लई हाय?”

मी प्रश्न वर्गाला दिला. दुकानं, गाड्या, दवाखाने, अशी उत्तरं आली.

समर्थ म्हणाला, “ट्युशन. माझा दादा त्याच्यासाठीच तिथं राहतो.”

मुंडे सर खिडकीकडं तोंड करून हसले.

पुस्तक छापून झालं. शेवटच्या पानावर आरोहीचा ‘काय लई हाय?’ हा प्रश्न आहे, खाली उत्तराला कोरी जागा. लातूरच्या मुलांनी तिथं काय काढलं, ते बघायला मी अधूनमधून जाते. एकानं कचऱ्याची गाडी काढलीय.

या धंद्यात एक गोष्ट पक्की झाली. मुलांना पुस्तक छपाईआधी वाचून दाखवावं. तेव्हा ती जे बोलतात त्याला दुरुस्ती म्हणतात. छपाईनंतर तेच बोलली तर त्याला परीक्षण म्हणतात, आणि ते नुसतं वाचायचं असतं.