ताट कुठं पालथं घालू?

माझी आई हात धुवायच्या बेसिनमध्ये ताटं घासत होती आणि अख्खा हॉल हसत होता.

मी आइस्क्रीमच्या रांगेत होते. हशा ऐकून मागं वळले, तर बेसिनपाशी आई. पदर कमरेला खोचलेला, बांगड्या वर सारलेल्या. माझं ताट धुऊन कडेला ठेवलेलं, तिचं हातात. भिंतीवरच्या बाटलीतला हिरवा साबण तळहातावर घेऊन ती ते रगडून घासत होती. हात धुवायला आलेली माणसं मागं ताटकळलेली. त्यातला एक टायवाला मोठ्यानं म्हणाला, "काय मावशी, इथं नोकरी लागली काय?"

पुन्हा हशा. आईसुद्धा हसली. तिला वाटलं, आपलं कौतुकच चाललंय.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. वाशीतला तो हॉल तेव्हा नवाच उघडलेला. मधे टेबलं-खुर्च्या आणि चहूबाजूंनी किचनं. एकात डोसा, एकात चायनीज, एकात पंजाबी, एकात गुजराती थाळी. कूपन घ्यायचं, आवडेल त्या खिडकीवर जायचं, ताट घेऊन कुठंही बसायचं. कुणी विचारत नाही, कोण कुठला. मला ते फार आवडलं होतं. न्हावा शेव्याच्या बंदरात माल सोडवून देणाऱ्या एका एजंटाच्या वाशीतल्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. वर्षभर आईला सांगत होते, एकदा चल. जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या दारात बसून, ते देतील ते खाल्लं. एकदा तरी खुर्चीत बसावं, आपल्याला हवं ते मागावं, आणि समोरच्यानं गपगुमान वाढावं. माझी एवढीच हौस होती.

दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "मला न्हाय सोसायचं तिथलं. तुमी मायलेकी जावा." ते कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहायचे. रविवारी त्यांना झोप प्यारी.

आई कोपरखैरण्याच्या चाळीतून बाहेर पडली ती लग्नातलं लुगडं नेसून. हॉलमध्ये शिरल्यावर आधी सगळ्या खिडक्यांवरून फिरली. प्रत्येक किचनमध्ये डोकावली. "आगं, इतक्या चुली एका छपराखाली, आन् भांडान न्हाय?" मग पंजाबी खिडकीशी थबकली. तेलात टम्म फुगणाऱ्या भटुऱ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "मला त्यो फुगा पायजे." वाढणारा पोरगा हसला, त्यानं मोठ्यातला मोठा भटुरा तिच्या ताटात घातला. खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून ती जेवली. बोटं चाटून जेवली. मला माझ्या पगाराचं चीज झाल्यासारखं वाटलं. म्हणून तर मी आइस्क्रीम आणायला उठले.

आणि तेवढ्यात तिनं ताटं उचलली.

मी धावत बेसिनपाशी पोचले, तोवर मॅनेजर आला होता. माणूस वाईट नव्हता. "आंटी, आप मत करो, हमारा आदमी है उसके लिए," म्हणाला. आईनं ताट निथळलं. म्हणाली, "झालंच बाबा. फकस्त येवढं सांग, पालथं कुठं घालू? आत न्हाय आनत म्या. भायेरच ठिवते."

मॅनेजरला काही कळलं नाही. हसणाऱ्यांनाही काही कळलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती गावंढळ म्हातारी होती, बस्स.

मला कळलं. साताऱ्याकडच्या आमच्या गावात आमची वस्ती ओढ्यापलीकडं. सुगीला आई बागायतदाराच्या शेतावर जायची, मीही मागं जायचे. दुपारी वाड्याच्या मागच्या दारी आम्हाला जेवण मिळायचं. जर्मनची दोन ताटं आमच्यासाठी वेगळी. जेवलो की आपलं ताट आपण घासायचं, गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात पालथं घालायचं, बसल्या जागेवर पाणी शिंपडायचं. घरातल्या भांड्यांत ते कधी मिसळायचं नाही. चुकून एकदा मी ते ओट्यावर ठेवलं, तर बागायतदारीणबाईनं चिमट्यानं उचलून अंगणात भिरकावलं. मला आई मारायची नाही कधी. त्या दिवशी मारलं. बाईच्या देखत मारलं, म्हणजे पुढं काम मिळेल.

गाव सोडून आम्हाला दहा-बारा वर्षं झाली होती. माझ्या हातून ते गेलं होतं. आईच्या हातून गेलं नव्हतं.

आणखी एका माणसाला कळलं होतं. आमच्या ऑफिसातल्या अकाउंट्सच्या मॅडम. नवरा-मुलांबरोबर त्या बेसिनजवळच्याच टेबलावर बसल्या होत्या. मघाशी आम्ही आलो तेव्हा हात हलवून म्हणाल्या होत्या, "अगं, तू! आई का? छान." सगळा हॉल हसत होता तेव्हा त्या एकट्या हसल्या नाहीत. आईचं ते "भायेरच ठिवते" त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. आधी आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग मॅनेजरला बोटानं जवळ बोलावलं आणि अगदी हलक्या आवाजात, ऑफिसात व्हाउचर मागतात त्याच आवाजात म्हणाल्या, "ती दोन ताटं वेगळी ठेवा हं."

मॅनेजरला वाटलं असेल, साबणाचं काहीतरी. "येस मॅडम," म्हणत त्यानं आईच्या हातातली ताटं घेतली आणि काउंटरखाली, पोछ्याच्या बादलीशेजारी ठेवली.

मॅडम नवऱ्याला म्हणाल्या, "सवय असते त्यांना."

त्यांच्याच टेबलावर चार उष्टी ताटं पसरली होती. नूडल्स सांडलेल्या, चटणी ओघळलेली. ती उचलायला कुणीतरी येणार होतं. त्या सवयीबद्दल कुणी काही बोलत नव्हतं.

लाज वाटली की राग आला, पहिल्यांदा समजेना. मग समजलं. त्या दोन ताटांतलं एक माझं होतं. मी एसटीनं शिकायला गेले, टायपिंगची परीक्षा दिली, साडी सोडून ड्रेस घातला. माझं ताट तरीही बादलीशेजारीच.

मी काउंटरच्या आत गेले. दोन्ही ताटं उचलली. पंजाबी किचनच्या खिडकीत स्वच्छ ताटांची थप्पी होती. वरची उचलून त्यांच्या मधे एक घातलं, आणखी खाली दुसरं घातलं, आणि थप्पी पुन्हा सारखी केली.

"आता ओळखा," मी म्हणाले.

"ओ मॅडम, ये क्या..." मॅनेजर पुढं आला. मी त्याला म्हटलं, "धुतलेली आहेत. तुमच्या माणसापेक्षा चांगली धुतली आहेत. विचारा यांना, काय खराबी आहे." आणि अकाउंट्सच्या मॅडमकडं बोट केलं.

मॅडमची धाकटी मुलगी चमचा तोंडात धरून बघत राहिली. मॅडम उठल्या, पर्स काखेत घेतली. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "वर्षभर आपण एका टेबलावर डबा खाल्ला. तू कधी सांगितलं नाहीस."

जणू मी त्यांच्या घरातलं काही चोरलं होतं.

मी म्हणाले, "तुम्ही तरी कुठं सांगितलंत, तुम्ही कोण आहात ते?"

त्या गेल्या. उष्टी ताटं तिथंच टाकून गेल्या.

मला वाटलं होतं, आईची छाती फुगेल. कसली फुगते! हॉलबाहेर फुटपाथवर तिनं माझं मनगट धरलं. हात अजून ओला होता. "आगं, तुज्या कामावरची बाई ती. काडून टाकलं म्हंजी? माजंच चुकलं. हात ग्येला आपसूक." मग रडायला लागली. "सोमवारी जा, आन् पाया पड तिच्या."

मला तिचा भयंकर राग आला. बागायतदारणीचा आला नव्हता तेवढा. त्या चिमट्यानं पाऊणशे कोसांवरून, इतक्या वर्षांनी तिला पकडलं होतं. भटुरा मागणारी माझी आई हॉलमधल्या त्या माणसांनी अर्ध्या तासात परत मागच्या दारी नेऊन बसवली. ती पुन्हा कधी बाहेर जेवायला आली नाही. आजतागायत नाही.

सोमवारी पहाटे उठून तिनं डबा केला. भरलं वांगं, भाकरी, वर लसणाची चटणी. डबा हातात देताना म्हणाली, "ग्वाड बोल."

दुपारी ऑफिसात जेवणाचं टेबल लागलं. आमची रीत अशी, की डबे उघडून मधे ठेवायचे आणि ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं. त्या दिवशी मॅडमनी आपला डबा स्वतःपुढं ओढून घेतला. "डॉक्टरांनी बाहेरचं बंद सांगितलंय," म्हणाल्या. बाकीचे खाली बघू लागले. मग एकेकानं आपापला डबा हळूच पुढ्यात घेतला. त्यांना कुणी काय सांगितलं, कुणास ठाऊक.

मी पाया पडले नाही. गोडही बोलले नाही. आईनं केलेल्या डब्याची झाकणं काढली आणि तो टेबलाच्या मधोमध ठेवला. कुणाचाही हात आला नाही. मी जेवले. पोटभर, सावकाश जेवले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मधोमध. तिसऱ्या दिवशीही.

कुणी खावं म्हणून नाही. माझ्या आईच्या हातचं कुणी खाल्लं नाही तर आमचं अडत नाही. पण ज्याला खायचं नाही, त्यानं रोज माझ्या डोळ्यांदेखत आपला हात मागं घ्यावा. त्याचा हात त्याला दिसावा. तो डबा मी बाजूला घेणार नाही.