सुनीताचं ऐकलं असतं तर

मित्रांनो, आज चितेगावच्या आमच्या कारखान्यात मान खाली घालावी लागली.

टंचाईत नव्या वसाहतींना ज्या कार्डावर टँकरचं पाणी मिळतं, त्यातली चिप आम्ही बनवतो. सोयगावची सुनीता, आमची इंजिनिअर, कधीपासून सांगत होती, "सर, काम करताना चिप आतल्या गुप्त आकड्याप्रमाणे वीज कमी-जास्त खेचते. ती मोजून तो आकडा चोरता येतो आणि तसंच नकली कार्ड बनवता येतं. वीज एकसारखी दिसेल असं करू."

मी म्हणालो, "एवढं कोण बघतंय?"

आज एक मावशी रडत आल्या. "माझ्या कार्डावर कुणीतरी आधीच पाणी नेलं. घरात घोटभर नाय."

मावशी कार्ड ठेवून गेल्या. सुनीतानं त्यातल्या चिपची वीज मोजली आणि आतला गुप्त आकडा कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवला.

"माफ कर," मी म्हणालो.

"मला नाय सर, मावशींना म्हणा."

उद्या त्यांच्या दारात जायचंय. कोणत्या तोंडानं बोलू?