आक्काची पाटी

धोंडुबाई, रागावू नकोस. तुझी हकीकत लिहिते आहे आणि तुला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर म्हणाली असतीस, माझ्यात काय बगायसारखं हाय, बाग बगा. ती तू कुणाला बघू देत नाहीस, म्हणून लिहिते.

आटपाडीजवळच्या एका वाडीत धोंडुबाईचं दोन एकर डाळिंब आहे. पूर्वी मेंढरं होती. ती विकून बाग लावली. मेंढरांमागं फिरलेल्या बाईला एका जागी बसवत नाही. दिवसभर पान उलट, फळ फिरवून बघ, तेलकट डाग दिसतो का शोध. तो डाग म्हणजे तेल्या. जिवाणूचा रोग. आधी तेल सांडल्यासारखा ठिपका, मग काळा डाग, मग फळ तडकतं. फवारणीनं दबतो, हटत नाही.

त्या पावसाळ्यात तो वाडीतल्याच बाळासोच्या बागेत आला. माणूस आजारी पडलं की बघायला जायची रीत; बागेलाही तीच लागू झाली. पाव्हणे यायचे, चहा व्हायचा, ओल्या झाडांत शिरून फळं चाचपायची, हळहळायचं आणि तेच हात घेऊन आपापल्या बागेत जायचं. शेतीखात्याच्या साहेबांनी देवळापुढं सभा घेऊन बजावलं, की आजारी बागेत जाऊ नका, रोग हाताला-कपड्याला लागून येतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. सभा संपली आणि निम्मी वाडी तशीच उठून बाळासोची बाग बघायला गेली. धोंडुबाई एकटी घरी आली आणि फाटक तारेनं बांधून टाकलं.

मग तेल्यानं रंगूबाईची बाग धरली. ही तिची थोरली बहीण, ओढ्यापलीकडची. आई लवकर गेली, तेव्हा धोंडुबाईला तिनंच वाढवलं. सगळे जाऊन आले. धोंडुबाई गेली नाही. लोक बोलले ते सोडा, पोटचा रविराजसुद्धा म्हणाला, की आई, माणसापेक्षा झाड मोठं झालं का तुला? धोंडुबाई ताटावरनं उठली आणि अंधार पडेपर्यंत बागेतच फिरत राहिली.

शेवटी रंगूबाईच आली. डोक्यावर पाटी, पाटीत तडकलेली डाळिंबं. व्यापारी घेईना, पण दाणा गोड होता, नातवंडं खातील म्हणून आणलेली. फाटकाशी आली तशी धोंडुबाई आतून धावली.

"आक्का, तितंच थांब. आत येऊ नगंस."

"का गं? रोग बागंला लागलाय, मला न्हाई."

"तुज्या लुगड्याला बागंचं पानी लागलंय."

रंगूबाईनं आपल्या लुगड्याच्या ओल्या काठाकडं पाहिलं. धोंडुबाईनं फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली चहा नेला, तो तिनं घेतला नाही. पाटी रस्त्याकडेला ठेवली आणि गेली. धोंडुबाईनं ती फळं तिथंच खड्डा काढून पुरली, अंघोळ केली, लुगडं बदललं आणि मगच झाडांत गेली. त्या रात्री तिला झोप नव्हती. पण बाग वाचली. आसपास तिची एकटीचीच वाचली. रंगूबाईनं आपली उपटून टाकली.

पाटी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवून धोंडुबाईनं खुंटीला लावली. फळं निघाली तेव्हा मी तिथं होते. मला ओढ्यापलीकडंच जायचं होतं, गाडी होती. म्हटलं, दे, पोचवते.

रिकामी पाटी परत करत नाहीत. धोंडुबाईनं ती डाळिंबांनी भरली, पदरानं एकेक फळ पुसलं. मग बघत बसली आणि सगळी काढून ठेवली. जोंधळे घातले. ते आक्काकडं पोत्यानं आहेत म्हणून परत ओतले. साखर म्हणाली, आणि स्वतःच नको म्हणाली. मला उशीर होत होता. तसं बोलूनही दाखवलं.

"आवं बाई, तुमी व्हा म्होरं," ती म्हणाली. "आज न्हाई भरायची ही."

मी गाडी वळवली. आरशात दिसलं, ती पाटी घेऊन फाटकापर्यंत आली, आणि तिथंच उभी राहिली.