कावेरीबाईंचं दुसऱ्या खेपेचं लंडन

मालवणातली बाई लंडनला दुसऱ्यांदा निघाली, की तिला पहिल्या खेपेपेक्षा जास्त उत्तरं द्यावी लागतात. पहिल्यांदा सगळे समजून घेतात. मुलीचं बाळंतपण आहे, जायलाच हवं. पण परत कशाला? शहाऐंशी सालची गणपतीची चवथ नुकतीच झाली होती आणि गुरुदास मास्तरांच्या पडवीत रोज कुणी ना कुणी येऊन त्यांच्या बायकोला, कावेरीबाईंना, हाच प्रश्न टाकत होतं.

"पुन्ना थयसर जावन बघतलंस काय गो?" शेजारच्या मथुराकाकीने सुपारी कातरता कातरता विचारलं. "राणीचो वाडो बघलंस, ता मोठा घड्याळ बघलंस, मेणाचे बावले बघलंस. आता राणी काय तुका जेवक बोलावता?"

"बोलावल्यान तर जातलंय. पण तिच्याकडे बांगड्याचा तिकला गावाचा नाय."

मास्तर या खेपेलाही जायला तयार नव्हते. "त्या थंडीत माझे गुडघे थयच रवतले आणि मी एकटोच परत येतलंय," असं सांगून त्यांनी पेपरात तोंड घातलं. कावेरीबाईंनी फार आग्रह केला नाही. ज्या गोष्टीसाठी त्या निघाल्या होत्या ती मास्तरांना सांगितलेली नव्हती. ते बरोबर असते तर उलट अडचणच झाली असती.

कावेरीबाईंना लंडनमध्ये एक झाड बघायचं होतं. ते जिवंत आहे की नाही, एवढंच.

त्याचं असं झालं. त्यांच्या माहेरी आणि सासरीही रीत होती, की मुलाची नाळ सुकून पडली की ती परसातल्या एखाद्या बऱ्या झाडाच्या मुळाशी पुरायची. झाडासारखं मूल वाढतं असं बायका म्हणत आणि त्या झाडावर लक्ष ठेवत. त्यांच्या सरलाची नाळ विहिरीकडच्या माडाखाली होती. एकदा त्या माडाला भुंगा लागला, आणि नेमकी त्याच आठवड्यात सरला तापाने फणफणली. भुंगा काढला, माड सावरला, सरलाही उठली. मास्तर म्हणाले, "कुनैन दिलं म्हणून उठली." कावेरीबाईंना कुनैन मान्य होतं. त्या मॅट्रिक झाल्या होत्या, देवभोळ्या बायकांना हसणाऱ्यांतल्या होत्या. पण भुंगा काढायला गडी बोलावला होता तो त्यांनीच.

एकोणऐंशी साली त्या सरलाच्या बाळंतपणासाठी लंडनला गेल्या आणि ऑक्टोबरात आनंदी जन्मली. घर भाड्याचं. मागे टीचभर अंगण, तेही सिमेंटचं. नाळ पडली तेव्हा सरला झोपली होती आणि घरी येणारी नर्स ती कापसासकट कचऱ्यात टाकायला निघाली होती. कावेरीबाईंनी तिच्या हातातून अक्षरशः हिसकावली. नर्सबाई बघतच राहिली. आता पुरायची कुठे? कुंपणापलीकडे, शेजारच्या हॉज नावाच्या एकट्या म्हाताऱ्याच्या परसात, सफरचंदाचं एक झाड होतं. बुंधा चांगला कवेत न मावणारा. हॉज दुपारचा क्लबात गेला, तशा कावेरीबाई खाली नऊवारी, वर थंडीत रोजचाच झालेला जावयाचा ओव्हरकोट आणि हातात झारा अशा थाटात कुंपणाची सैल फळी सरकवून पलीकडे गेल्या. झाऱ्याने खड्डा केला, नाळ ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या परक्या मुलखात, परक्या मातयेत, आमच्या चेडवाची नाळ तुझ्या स्वाधीन केली आसा. तिका सांभाळ, तिच्या वाटेत काय आडा इला तर ता उडवून टाक रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं एकाने घालायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही पद्धत. इथे जमलेलं कुणीच नव्हतं. म्हणून तेही त्यांनीच म्हटलं आणि फळी जागच्या जागी लावून घरात येऊन पेज ढवळायला लागल्या. सरलाला पत्ता नाही. ओल्या बाळंतिणीच्या डोक्याला कशाला ताप!

महिन्याभरात झाडाची पानं पिवळी पडली, गळली. सावर गळते, पांगारा गळतो, हे त्यांनी पाहिलं होतं, पण फळाचं झाड इतकं उघडं पडलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. "वसंतात परत येतात हो पानं, आई," जावई रविकांतराव म्हणाले. बरं, येत असतील. त्यांनी ते मान्य केलं आणि तिथवर सगळं ठीक होतं.

डिसेंबरात त्या परत निघाल्या त्या सकाळी दारात टॅक्सी उभी होती. सहज स्वयंपाकघराच्या खिडकीतून नजर गेली, तर हॉज शिडी लावून झाडावर चढलेला, हातात करवत. वरची एक खांदी खाली पडलेली होती आणि तो दुसरी कापत होता.

आता आमच्याकडे घराजवळचं झाड तोडतात कसं, ते ज्याने पाहिलंय त्याला कावेरीबाईंनी त्याचा काय अर्थ घेतला ते कळेल. बुंध्यात कुऱ्हाड घालायची सोय नसते, झाड कौलांवर येईल. आधी वर चढून एकेक खांदी उतरवायची, मग शेंडा, आणि सगळ्यात शेवटी बुंधा. वर करवत चालली म्हणजे झाड संपलं. माणूस फळाच्या झाडावर करवत घेऊन चढतो तो एवढ्यासाठीच.

"रविकांतराव, तो म्हातारा..."

"आई, चला, विमान चुकेल."

विमान चुकलं नाही.

पुढच्याच वर्षी सरला-रविकांत लंडनच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. मग झाडाची बातमी येणार कुठून? आणि दर हिवाळ्यात सरलाचं पत्र यायचं की आनंदीची छाती भरलीय, रात्रीची घरघर होते. मागच्या वर्षी तर पोरीला इस्पितळात ठेवावं लागलं. मास्तर पत्र वाचून म्हणायचे, थंड देश, व्हायचंच. कावेरीबाई उठून विहिरीकडे जायच्या, सरलाच्या माडाकडे बघायच्या आणि त्यांना शिडीवरचा म्हातारा दिसायचा. पुरायला भलतंच झाड निवडलं ते आपण! परक्याचं, ज्याच्यावर आपला काडीचा हक्क नाही असं.

पत्रातून विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे सगळं सांगायला हवं. सरला हसली असती तर बरं, पण रडली असती तर? आईच्या हलगर्जीपणामुळे पोरीचं झाड गेलं, हे एकदा तिच्या मनात शिरलं की त्यावर कुनैन नाही. त्यापेक्षा स्वतः जावं आणि काय ते डोळ्यांनी बघून यावं.

विमानतळावर आनंदी आली होती. हुशार, बडबडी, अंगाने काडी. जिना चढली की छातीत बारीक शिट्टी वाजायची. ती शिट्टी कावेरीबाईंना गर्दीतसुद्धा ऐकू यायची.

रविकांतरावांनी मोठ्या हौसेने कार्यक्रम आखला होता. "पहिल्या खेपेला माणूस फोटोतलं लंडन बघतो, आई. खरं लंडन दुसऱ्या खेपेला दिसतं. नदीतून होडीने जाऊ, बागा बघू, जुने बाजार बघू." गिरगावात वाढलेला माणूस, पण लंडनवर त्याचा इतका जीव, जणू ते त्यानेच बांधलंय. कावेरीबाई गुमान गेल्या. होडीत सगळे माना वर करून पूल बघत होते, कावेरीबाई काठावरच्या झाडांकडे बघत होत्या. म्युझियममध्ये हजारो वर्षांची मढी काचेत ठेवलेली पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "हेंका अजून कोणी मातयेत घालूक नाय?" बाजारात सरलाने विचारलं, "आये, तुझा लक्ष खंय आसा?"

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विषय काढला. "रविकांतराव, मला तुमचं जुनं घर बघायचंय."

"तिथे बघण्यासारखं काय आहे? छप्पर गळायचं त्याचं."

"गळूदे. माका बघूचा आसा."

सासूबाई 'मला'वरून 'माका'वर आल्या की बोलणं संपलं, हे रविकांतरावांना लग्नापासून ठाऊक होतं. रविवारी चौघं बसने निघाली.

जुन्या घरात आता दुसरं बिऱ्हाड होतं. कावेरीबाईंनी त्या घराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या सरळ शेजारच्या दारात गेल्या आणि घंटीवर बोट ठेवलं.

"आये! न सांगता असा कोणाच्या दारात जातत नाय हयसर!" सरला मागून ओरडली.

"मगे मालवणाक परत जावन कार्ड धाडू?"

दार उघडलं. हॉज आणखी वाकला होता, पण तोच. त्याने एकदा नऊवारीकडे पाहिलं, एकदा तोंडाकडे. "अरे, त्या मोठ्या कोटातल्या बाई!" असं काहीसं तो इंग्रजीत म्हणाला.

"ट्री," कावेरीबाई म्हणाल्या. मॅट्रिकचं सगळं इंग्रजी त्या एका शब्दात गोळा झालं होतं. "युवर ट्री?"

म्हातारा बाजूला झाला. रविकांतराव माफी मागत मागत मागून येत होते. अंधारी बोळ, मग स्वयंपाकघर, मग मागचं दार. त्या दाराशी कावेरीबाईंचा पाय क्षणभर अडला. मग त्यांनी कडी स्वतःच काढली.

झाड होतं. होतं म्हणजे काय, सगळं परस अडवून बसलं होतं. फांद्या लाल सफरचंदांनी ओथंबून इतक्या वाकलेल्या, की आपण केळीला लावतो तसे खाली टेकू लावले होते. कावेरीबाई गेल्या, बुंध्यावर हात ठेवला, वर बघितलं, आणि तिथेच पालथ्या बादलीवर मटकन बसून हसायला लागल्या. हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या.

"आये, काय झाला गो?" सरला घाबरली.

"काय होवक नाय. ह्या मेल्यान तोडूक नाय गो झाड! माका वाटला तोडल्यान!"

मग सगळं बाहेर आलं. नाळ, झारा, सैल फळी, करवत. सरला उसळली. "आणि इतकी वर्सां ह्या घेवन बसलंस? तू खुळावलंस काय? माका सांगूक काय झाला हुता?"

"सांगून तू काय करतलंस? रडत बसतलंस."

"तू काय करीत हुतंस मगे? हसत हुतंस?"

कावेरीबाईंनी पुन्हा पदर डोळ्यांना लावला. सरलाने त्यांना गच्च मिठी मारली आणि मग दोघीही रडल्या.

रविकांतरावांनी हॉजला इंग्रजीत सगळं समजावलं. म्हातारा आधी करवतीवर अडला. तोडत? छे! दर हिवाळ्यात छाटावंच लागतं, छाटलं नाही तर फळ कसं धरणार? मग नाळेचं ऐकून त्याने बुंध्यापाशी एक जागा दाखवली. "इथे?"

"हयच," कावेरीबाई म्हणाल्या.

"तरीच! त्या दिवशी क्लबातून आलो तर माती उकरलेली. मी आजवर कोल्ह्याला शिव्या देतोय." रविकांतरावांनी हे मराठीत सांगितलं तेव्हा सरलासुद्धा रडताना हसली.

आनंदीने तोवर एक सफरचंद संपवून दुसरं धरलं होतं. "आजी, म्हणजे हे झाड माझं?"

"झाड ह्या आजोबांचं. तू त्यांच्याकडे ठेवायला दिलेली."

हॉजला ते सांगताच तो म्हणाला, मग हिने दर सप्टेंबरात येऊन सफरचंदं उतरवायची, माझे हात आता वर जात नाहीत.

निघण्याआधी कावेरीबाई झाडासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "बा देवा म्हाराजा, माझ्या मनात भलता सलता इला, ता पदरात घे. ह्या म्हाताऱ्याक आयुष्य दी, आणि आमच्या चेडवाक अशीच सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सरला म्हणाली. आनंदी ओरडली. रविकांतराव इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले. हॉजने डोक्यावरची टोपी काढली आणि त्याला जमेल तसं त्यानेही म्हटलं.

परतताना आनंदी बसच्या वरच्या मजल्यावर पळत गेली. छातीतली शिट्टी वाजलीच. कावेरीबाईंनी ती ऐकली आणि म्हणाल्या, "सरला, हिच्या डॉक्टरला मला भेटायचंय. काय देतो ते तरी कळू दे." मग सफरचंदांची पिशवी मांडीवर घेऊन त्या खिडकीशी बसल्या.

"रविकांतराव, ती घुमटाची इमारत कसली? आणि तो पुतळा कुणाचा? त्याचा हात का तुटलाय?"

रविकांतरावांना पुतळा माहीत नव्हता.

"मग इतकी वर्षं इथे राहून केलंत काय तुम्ही? उद्या ती होडी परत दाखवा. त्या दिवशी पूल बघायचे राहिले."