वांगी रंगाचं जनावर कत्थीच्या डब्यात

हसायचं असेल त्यांनी आधी हसून घ्यावं आणि मग वाचावं. मी साक्रीला मॅचिंगचं दुकान चालवते, नात शाळेत जाते एवढं माझं वय आहे, आणि मी मोबाइलवर गेम खेळते. गल्लीत हे कळलं तेव्हा समोरच्या किराणा दुकानातल्या शेठाणी म्हणाल्या, "अक्का, या वयात माळ ओढायची सोडून तुम्ही काचेवर बोट ओढता." मी म्हटलं, "माळेत एकशे आठच मणी असतात, शेठाणी. माझी जनावरं त्याच्या पुढे गेली."

दुकान म्हणजे माझ्या घराचीच पुढची खोली. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर. बाई साडी घेऊन येते, मी तिच्या रंगाचं कापड काढून देते. शाळा माझी चौथीपर्यंत. रंग मला कोणी शिकवले नाहीत, गिऱ्हाइकांच्या भांडणातून शिकले. बाई "हिरवा द्या" म्हणाली की मी विचारते, कोणता हिरवा? पोपटी, मेंदी, शेवाळी, की रामा? पहिल्यांदा येणारी वैतागते. दुसऱ्यांदा येणारी रंगाचं नाव घेऊनच येते.

या धंद्याचे माझे दोनच नियम. एक, ब्लाउजचा रंग साडीच्या काठावरून आणि परकराचा अंगावरून. दुसरा, ट्यूबलाइटवर विश्वास ठेवायचा नाही. साडी आणि कापड दोन्ही उंबऱ्याबाहेर उन्हात न्यायचं, शेजारी शेजारी धरायचं, गिऱ्हाईक "काप" म्हणालं की मगच कात्री. कापल्यावर परत नाही.

आता गेमचं सांगते. मुलगा माझा दीपनगरला वीज केंद्रात आहे, तिथल्याच कॉलनीत राहतो. उन्हाळ्यात नात माझ्याकडे आली आणि दोन दिवसांतच कंटाळली. तेव्हा तिने माझ्या फोनवर हा खेळ घालून दिला. जंगलातून फिरायचं, गवतात जीव लपलेले असतात, ते पकडायचे. कोणाचे कान केळीच्या पानाएवढे, कोणाच्या शेपटीला कंदील, एक गोगलगाय डोक्यावर छत्री घेऊन हिंडते. कोणाला खायचं नाही, विकायचं नाही, नुसतं पकडून डब्यात ठेवायचं. नात परत गेली तरी खेळ दोघींचा एकच राहिला. मी साक्रीत पकडलेलं तिला दीपनगरला तिच्या आईच्या फोनवर दिसतं.

त्या डब्यांवरूनच आमचं पहिलं भांडण झालं. खेळात आग, पाणी, गवत असे प्रकार आहेत, पण नातीला जनावरं अंगाच्या रंगाने लावायची होती. मला आनंदच झाला. पण तिने डबे किती केले? लाल, निळा, हिरवा, पिवळा, काळा, पांढरा, आणि उरलेल्यांसाठी एक.

"हे काय," मी म्हटलं, "चिंतामणी आणि आकाशी एकाच डब्यात?"

"दोन्ही निळेच आहेत, आजी."

"अशी निळ्याला निळा म्हणत बसले असते तर माझं दुकान पहिल्या दिवाळीलाच बंद झालं असतं."

डब्याला नाव देता येतं हे तिनेच दाखवलं होतं, आता तिलाच पस्तावा झाला. मी फोनला तोंडाने सांगत गेले आणि फोन लिहीत गेला. चिंतामणी, मोरपंखी, आंबा, गाजरी, राणी, अबोली, बिस्किट, काताच्या रंगाचा कत्थी, वांगी. नात म्हणाली, "आजी, ही भाजी मंडई झाली." होऊ दे.

मग प्रश्न आला दुरंगी जनावरांचा. छत्रीवाली गोगलगाय अंगाने अबोली, पण छत्री राणी रंगाची. कोणत्या डब्यात घालायची? पुष्कळ वाद झाला आणि शेवटी मी परकराचा नियम लावला. अंगाचा रंग धरायचा. कान, शेपटी, छत्री हे सगळे काठ. नातीला तो इतका आवडला की शाळेतल्या मैत्रिणींना तिने तो तसाच सांगितला. परकराचा नियम म्हणजे काय हे घरी विचारून ये म्हणाली. त्या पोरींच्या आयांना काय वाटलं असेल कोण जाणे.

असे सहा-आठ महिने मजेत गेले. मग नातीच्या तक्रारी सुरू झाल्या.

"आजी, तो पिठाच्या गोळ्यासारखा जीव बिस्किटमध्ये का टाकलास? पांढरा आहे तो."

"पांढरा कसला, चांगला बिस्किट आहे."

"आणि हा वांगी आहे. तू कत्थीत टाकलास." हा म्हणजे एक गुबगुबीत, तीन पायांचा, सतत झोपलेला जीव.

मी माझा दुसरा नियम पाळला. फोन घेऊन उंबऱ्याबाहेर उन्हात गेले. उन्हात काच काळी पडली, त्यात जनावर दिसेना, माझंच तोंड दिसलं. नात तिकडे हसून लोळली. "आजी, फोन उन्हात नेतात का? तो काय साडी आहे?" मीही हसले आणि जनावर कत्थीतच ठेवलं.

त्याच सुमाराला बाजाराच्या दिवशी डोंगराकडच्या एका गावची बाई आली. पोरीच्या लग्नाची साडी, काठ वांगी. मी कापड काढलं, उन्हात धरलं, मला अगदी एकजीव दिसलं. तिला घाई होती, गाडी सुटत होती. ती "काप" म्हणाली आणि मी कापलं. पुढच्या बाजाराला ती कापड घेऊन परत आली.

"अक्का, हाऊ रंग नई शे," ती म्हणाली. "बठ्ठा गाव हसना माले. तुले दिसस का नई व?"

सगळं गाव हसलं म्हणाली, तरी मी तिला सांगितलं की रंगारीच हल्ली घाणेरडा माल पाठवतात. दुसरं कापड देऊ केलं, तिने घेतलं नाही. पायरी उतरून सरळ पलीकडच्या दुकानात गेली. मी बघत राहिले. त्या रात्री पहिल्यांदा मी वांगीचा गठ्ठा पुन्हा तपासला, मला सगळा एकच दिसला.

नातीने मात्र बापाला सांगितलं की आजीचा फोन बिघडलाय, त्यात पांढरं पिवळं दिसतं. पोरीच्या मनात दुसरं काही नव्हतं. मुलगा रविवारी तिला घेऊन आला. चहासुद्धा घेतला नाही. स्वतःचा फोन काढला, माझा घेतला, दोन्हींवर तो तीन पायांचा झोपाळू उघडला आणि दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले. मी साडी आणि कापड धरते तसेच.

"दोन्हीत फरक आहे का?" त्याने विचारलं.

"नाही. दोन्ही कत्थी."

"दोन्ही वांगी आहेत, आजी," नात हळूच म्हणाली.

मुलाने दोन्ही फोन खाली ठेवले. आम्ही मायलेक घरात आमच्या बोलीतच बोलतो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून सरळ लिहिते. तो म्हणाला, "आई, फोन चांगला आहे. डोळे गेलेत तुझे. आता दुकान पुरे. दीपनगरला चल, घराला कुलूप लावू."

"डोळा खराब झाला तर डोळा बदलू," मी म्हटलं. "घर कशाला बदलायचं?"

"आणि चुलीपाशी काही दिसलं नाही तर? रस्ता ओलांडताना?"

"चूल जाऊन गॅस आला तेव्हा तू शाळेत होतास. आणि रस्ता ओलांडून मी जाते कुठे? शेठाणींच्या दुकानात."

तो चिडला की त्याच्या बापासारखा कान खाजवतो. तेव्हाही खाजवला. पण दवाखान्याला माझी ना नव्हतीच. दुसऱ्याच आठवड्यात धुळ्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात उजेड टाकला आणि म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा जास्त पिकलाय." केळीच्या घडाबद्दल बोलावं तसं बोलल्या. माझ्या डोळ्यातली काच पिवळी-तपकिरी झाली होती, त्यामुळे पांढरं मळकं आणि जांभळं कत्थी दिसायचं. हे हळूहळू होत जातं, ज्याचं त्याला कळत नाही. "तुमच्या कसं लक्षात आलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जनावरांनी सांगितलं." त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने वर पंख्याकडे पाहिलं.

आधी उजवा डोळा झाला. थेंब घालायला कोणी पाहिजे म्हणून मी दीपनगरला गेले, ते खुशीने गेले. सुनेने माझं फार केलं, ते खोटं बोलणार नाही. पट्टी निघाली त्या सकाळी खिडकीशी बसले होते. समोर वीज केंद्राच्या चिमण्या. डावा डोळा झाकला की धूर कापसासारखा, उजवा झाकला की गायीच्या तुपासारखा. कितीतरी वेळ मी तेच करत बसले. आणि निळा. निळ्याचं काय सांगू. सुनेची एक साडी दोरीवर वाळत होती, ती मी इतके दिवस करडी समजत होते. चिंतामणी होती. मला रडू आलं, पण थेंब घातले होते म्हणून कोणाला कळलं नाही.

नातीबरोबर डबे उघडले. बिस्किटचा डबा तुडुंब भरला होता आणि त्यातली अर्धी जनावरं पांढरीशुभ्र. झोपाळू तर असा वांगी की देठ तेवढा लावायचा बाकी.

"सगळं परत लावायचं?" नातीने विचारलं.

"लावायचं."

"मग नावंपण सोपी करूया? नुसतं निळा?"

"डोळा बदलला, जीभ नाही बदलली," मी म्हटलं, आणि चिंतामणी चिंतामणीच राहिला.

जनावरं लावता लावताच ती म्हणाली, "आजी, तुझ्या दुकानात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होणार ना, मग आपला फोन फुकट दुरुस्त होईल."

मी बोट थांबवलं. "कोण म्हणालं?"

"पप्पा कोणाशी तरी बोलत होते. खोली भाड्याने द्यायची म्हणून."

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. त्याचं जेवण होईपर्यंत मी गप्प बसले, उपाशी माणसाशी भांडू नये. मग विचारलं, "माझा दुसरा डोळा कधी करायचा?"

"बघू की पुढच्या वर्षी," तो म्हणाला. "एकाने दिसतंय ना? इथे तुला काय एवढं बारीक बघायचंय?"

"इथे नाहीच बघायचं. साक्रीला बघायचंय."

त्याने सुनेकडे पाहिलं, सुनेने आमटीकडे. मग तो बोलू लागला. किती दिवस एकटी राहशील, लोक मला काय म्हणतात, आईला तिकडे टाकून दिलं म्हणतात. त्याचा आवाज चढला नव्हता, तो खरंच घाबरला होता. ते मला दिसत होतं, एकाच डोळ्याने दिसत होतं. पण घाबरलेल्या माणसाचं सगळंच ऐकलं तर कोणी घराबाहेर पडणार नाही.

"हे बघ भाऊ," मी म्हटलं, "तुझ्या मुलीने लाल-पिवळे सातच डबे केले होते तेव्हा मी भांडले. तू तर एकच केलास. म्हातारी. आणि मला आत टाकून झाकण लावतोस. मी नाही बसत त्यात."

"आणि पडलीस तर?"

"पडले तर उठेन. नाही उठले तर शेठाणी आहेत. त्यांचं गिऱ्हाइकावर नसतं तेवढं लक्ष माझ्या दारावर असतं."

सून हसली. तोही हसणार होता, पण कान खाजवू लागला. मग मीच तोड काढली. दुसरा डोळा आत्ताच करायचा. त्यानंतर मी घरी जाणार. रोज सकाळी दुकान उघडलं की नातीने मला फोनवर एक नवं जनावर दाखवायचं, मी डबा सांगायचा. "ज्या दिवशी माझा डबा चुकेल," मी म्हटलं, "त्या दिवशी मी स्वतः सांगेन, ये आणि घेऊन जा. तोवर त्या मोबाइलवाल्याला सांग, दुसरी खोली बघ."

"आणि ठरवणार कोण, बरोबर की चूक?"

"तुझी मुलगी. ती माझी बाजू घेत नाही, माहीत आहे तुला."

दुसरा डोळा झाला, थेंब संपले, आणि मी धुळ्याला गाडी बदलून एकटी साक्रीला आले. पहिलं काम म्हणजे शेल्फवरचे सगळे गठ्ठे काढून कापडं पुन्हा लावली. वांगीच्या गठ्ठ्यात तीन कत्थी सापडली. शेठाणी दारात येऊन म्हणाल्या, "आल्या का परत? आम्हाला वाटलं आता इथे मोबाइल दुरुस्त करून मिळेल." मी म्हटलं, "परकर आहे का एखादा फाटका? तो दुरुस्त करून देते."

सकाळची परीक्षा चालू आहे. नात कसले कसले अवघड रंग शोधून आणते, एकदा तर धुक्यातलं जनावर दाखवलं. अजून डबा चुकलेला नाही. चुकेल तेव्हा चुकेल, शब्द दिलाय तो पाळीन.

मागच्या बाजाराला ती डोंगराकडची बाई माझ्या दुकानावरून पलीकडे चालली होती. पिशवीतून साडी डोकावत होती, दुसऱ्या पोरीची असणार. मी हाक मारली. ती थांबली, पण पायरी चढेना.

"या वरीस तुले दिसस का?" तिने खालूनच विचारलं.

"दोन्ही डोळे नवे आहेत. बघून घे, मग जा."

तेवढ्यात फोन वाजला. नात. मी फोन गल्ल्याला टेकवून ठेवला आणि बाईच्या साडीकडे पाहिलं. मोरपंखी अंग, काठ पुन्हा वांगीच. हिच्या घरात वांगी काठाचं काय आहे देव जाणे. कापड काढून तिच्या हातात दिलं. "उन्हात तूच ने," मी म्हटलं. "मी येत नाही."

ती रस्त्यावर गेली. तिने उन्हात धरलं, मग शेठाणींच्या छपराखाली सावलीत धरलं, मग पुन्हा उन्हात. शेठाणीही वाकून बघू लागल्या. इकडे नात फोनवरून विचारत होती, "आजी, सांग ना, कोणता डबा?" काचेवर एक लांब मानेचं जनावर उभं होतं.

"जांभूळ," मी म्हटलं. "वांगी नाही. जांभळाचा नवा डबा कर."

तिकडे मागून मुलाचा आवाज आला, तो ऐकत होता हे मला तेव्हा कळलं. "बरोबर आहे का गं?" त्याने विचारलं. नात म्हणाली, "बरोबर आहे, पप्पा. पण आणखी एक डबा."

बाई पायरी चढून वर आली, कापड माझ्यापुढे टाकलं आणि पाटावर बसली.

"काप," ती म्हणाली.