वाहेदभाईंची गाडी काय शिकली

बाळापुरात वाहेदभाईंचा एक लौकिक आहे. हा माणूस कधी चुकत नाही, कारण तो कधी काही ठरवतच नाही. टरबूज घ्यायचं तर हातगाडीवरच्या प्रत्येकावर टिचकी मारतील आणि शेवटी उद्या येतो म्हणून निघून जातील.

एरवी माणूस हाडाचा विणकर. चाळीस वर्षं सतरंज्या विणल्या. माग खड्ड्यातला. वर हात धागा फिरवणार, खाली पाय आळीपाळीने पट्ट्या दाबत राहणार, डावा-उजवा, डावा-उजवा. शेजारी बसून त्यांच्या बायकोने, बिस्मिल्लाबींनी, दुसरं टोक विणायचं. मग सतरंजीला गिऱ्हाईक उरलं नाही आणि माग मोडीत गेला. अमरावतीला शिक्षिका असलेली लेक कहकशाँ, तिने नवी गाडी घेतली तेव्हा आपली अकरा वर्षांची जुनी अब्बांना दिली. क्लच नसलेली, गिअर आपोआप बदलणारी. वाहेदभाई छप्पन्नाव्या वर्षी दोन रविवारांत गाडी चालवायला शिकले आणि चौकात हळूच हॉर्न वाजवून जाऊ लागले.

गाडी वेळेवर आली म्हणायची. बिस्मिल्लाबींच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दर सोमवारी अकोल्याला व्यायामासाठी जावं लागे. व्यायाम सुटला तर पाय कायमचा लुळा पडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गाडी प्रत्येक गतिरोधकानंतर असा काही हिसका द्यायची की मागे बसलेल्या बाईचा जीव कंबरेत गोळा व्हावा. वर्षभर त्यांनी हूं की चूं केलं नाही. गेल्या सोमवारी मात्र घरी आल्यावर त्या म्हणाल्या, आता मी अकोल्याला येत नाही, जे होईल ते होईल.

वाहेदभाईंना घास गोड लागेना. लेकीकडे जायचं निमित्त काढून ते बायकोला घेऊन अमरावतीच्या गॅरेजात गेले. तिथली वर्षाली हुशार पोरगी. तिने लॅपटॉप जोडून पाहिलं आणि समजावलं की ह्या गिअरबॉक्सला एक मेंदू असतो, तो चालवणाऱ्याच्या पायाकडून शिकतो. त्याचं नवं सॉफ्टवेअर आलंय. ते टाकलं की जुनं शिकलेलं सगळं पुसलं जाईल आणि हिसका बहुधा थांबेल. पण गाडी जुनी आहे, टाकता टाकता मध्येच अडकलं तर गाडी जागची हलायची नाही आणि तो भाग आता बाजारात मिळत नाही.

म्हणजे टाकावं तर गाडी जायची भीती, न टाकावं तर बायकोचा पाय. इकडे आड, तिकडे विहीर. वाहेदभाईंनी तीन वेळा चहा घेतला, दोनदा हो म्हटलं आणि दोनदा थांब म्हटलं. शेवटी वर्षालीच कंटाळली. म्हणाली, चाचा, एक चक्कर मारून दाखवा, मी बाजूला बसते.

बिस्मिल्लाबी मागच्या सीटवर बसल्या आणि गाडी बडनेरा रोडला लागली. पहिला गतिरोधक, हिसका. दुसरा, पुन्हा हिसका. वर्षालीने लॅपटॉपवरून मान वर केली.

"चाचा, तुमचा डावा पाय कुठं हाये?"

वाहेदभाईंनी गाडी कडेला घेतली आणि खाली पाहिलं. डावा पाय ब्रेकवर होता. उजवा वेग देत होता तेव्हा डावा ब्रेक दाबत होता, मागावर बसल्यासारखा. आपण हे करतो, हे त्यांना आजवर ठाऊकच नव्हतं.

"मंग नवं टाकलं तर?" त्यांनी विचारलं.

"पंधरा दिवस बरी चालंल. मंग तुमच्याकडूनच पुन्हा तेच शिकंल."

ते काही बोलणार, तोच मागून बिस्मिल्लाबी शांतपणे वर्षालीला म्हणाल्या, "मले माहीत होतं, बेटा. त्याईचा डावा गुडघा वर आला का मी सीट धरून घेतो."

वाहेदभाईंचा चेहरा उतरला. वर्षभर बायकोला दुखवत होता तो आपला पाय, आणि ती ते पाहत बसली होती. "काहून नाई सांगतलं?" एवढंच ते म्हणाले.

"माग मोडला तवापासून तुमचे हात रिकामेच हायेत. पाय तेवढा अजून कामावर जाऊन राहिला होता. त्याले बी घरी बसवू का मी?"

वर्षालीने लॅपटॉप मिटला. मग वाहेदभाईंनी, ज्यांनी आयुष्यात कधी पटकन काही ठरवलं नव्हतं, सांगितलं की सॉफ्टवेअर नको, गाडीचा काही दोष नाही. डावा पाय त्यांनी उचलून पार मागे, सीटखाली सारला.

परतताना पाय तिथे टिकेना. गतिरोधक दिसला की उठायचा. वाहेदभाई त्याला पुन्हा पुन्हा मागे घ्यायचे, कपाळावर घाम येईपर्यंत. गॅरेजच्या अलीकडच्या शेवटच्या गतिरोधकावरून मात्र गाडी सुतासारखी अलगद उतरली.

मागे बिस्मिल्लाबींनी ओढणी नीट केली आणि विचारलं, "सोमवारी किती वाजता निघाचं?"