दोन हमालांची वाट पाहताना

"नातवासाठी का, आजी?" दुकानदाराने विचारलं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "आणि आजी नको म्हणूस. तुझे केस माझ्याइतकेच पिकलेत."

दुकानदार चाट पडला. खेळांच्या यंत्रांचं दुकान चालवताना त्याने तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. शाळा चुकवून येणारी, बायकोपासून लपवून घेणारी, नुसतीच हात लावून जाणारी. पण सत्तरी ओलांडलेली बाई काठी टेकत येते आणि हातात मावणारं नवं कन्सोल कधी येणार याची चौकशी करते, हे त्याला नवीन होतं. त्याने चष्मा कपाळावर ढकलला आणि तिला बसायला खुर्ची दिली. त्या दिवसापासून तो तिला मावशी म्हणू लागला, आणि ती खुर्ची तिची झाली.

राहत्या इमारतीत मात्र तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणत. तिचं उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं होतं. फोन लावायचा तर आधी बाईचा आवाज ऐकू यायचा, त्या काळातलं एक्स्चेंज. लांबच लांब खोली, भिंतीला ओळीने लावलेले बोर्ड, प्रत्येक बोर्डासमोर उंच स्टूल आणि स्टुलावर कानाला हेडफोन लावलेली एकेक बाई. आठ नंबरच्या बोर्डावर ही बसायची आणि नऊ नंबरवर हिची सख्खी धाकटी बहीण. बहिणी असल्या म्हणून काय झालं, ड्युटीवर आपसात बोलायला सक्त मनाई होती. सुपरवायझरबाई पाठीमागून मांजरीच्या पावलांनी फिरायच्या. नावानेही हाक मारायची नाही, नंबरानेच. "आठ, लाइन बघा. नऊ, आवाज कमी."

पण जिथे मनाई तिथे पळवाट. सगळ्या बायकांनी मिळून एक खूण ठरवली होती. बोर्डाच्या लाकडावर पेन्सिल दोनदा टकटक वाजवली की शेजारणीने समजायचं, माझा बोर्ड सांभाळ, मी चहाला चालले. परत आल्यावर एकदाच टक. म्हणजे, आले. मधल्या वेळात शेजारीण दोन्ही बोर्डांवर दोन हातांनी फोन जोडायच्या दोऱ्या खोचत राहायची. धाकटी घरी महाखट्याळ, तिच्या भरवशावर दूधसुद्धा गॅसवर ठेवू नये. पण थोरलीने दोनदा टकटक केलं आणि आठ नंबरची एखादी लाइन तुटली, असं कधी म्हणजे कधी झालं नाही.

निवृत्त झाल्यावर दोघी एकत्र राहू लागल्या. थोरलीने लग्न केलं नव्हतं आणि धाकटीचे यजमान गेले होते. धाकटीच्या मुलीने आपल्या कॉलेजच्या दिवसांतली दोन जुनी खेळायची यंत्रं त्यांच्याकडे टाकून दिली होती, अडगळ म्हणून. अडगळीचं सोनं कसं होतं ते या दोघींना विचारावं. त्यात एक खेळ होता. लाल टोपीचा एक हमाल आणि निळ्या टोपीचा एक हमाल मिळून एक अवजड पेटी पुलावरून पलीकडे नेतात, एवढीच गोष्ट. एकाने आपली बाजू खाली ठेवली तर दुसऱ्याने बटण घट्ट दाबून पेटी तोलून धरायची, नाहीतर ती घसरून थेट नदीत. दोन्ही यंत्रं एका तारेने जोडावी लागत आणि तार जेमतेम सोफ्याच्या लांबीची होती. त्यामुळे रोज दुपारी दोघी सोफ्याच्या दोन टोकांना बसायच्या आणि मधे तार, चष्म्याची घरं आणि चहाचे कप. पेटी पुलाच्या पार टोकाला आली की धाकटी मुद्दाम बटण सोडायची. धपकन पेटी पाण्यात. मग थोरली दोन दिवस न बोलण्याची शपथ घ्यायची, जी संध्याकाळपर्यंतही टिकायची नाही.

मग धाकटीला झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली. उजवा हात जड झाला, अक्षर उमटेना. लेक येऊन तिला आपल्या गावी घेऊन गेली, आणि ते बरोबरच केलं, कारण थोरलीच्या गुडघ्यांना एक जिना चढताना देव आठवायचा, तिथे दुसऱ्याला उचलून बसवायचं कुठून?

भाची रोज फोन लावून आईच्या कानाशी धरायची. थोरली बोलायची, पलीकडून फक्त श्वास. ज्या बाईने जन्मभर माणसांचे आवाज एकमेकांना जोडून दिले, तिच्याच लाइनवर आता कोणी बोलत नव्हतं. एकदा ती गुडघ्यांना न जुमानता लांबचा प्रवास करून भेटूनही आली. धाकटीने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं, आणि खिडकीकडेच पाहत राहिली. निघताना भाची दारापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तिला आता काही कळत नसावं. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

थोरलीने ते लावून घेतलंच. बहीण बोलत नाही, हे ती सोसू शकली असती. बहीण आत आहे की नाही, हेच कळेना, आणि त्याने तिचा जीव टांगणीला लागला.

अशात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात एक बातमी दिसली. नवं कन्सोल येतंय, हातात धरायचं, मोठ्या बटणांचं. त्यावर जुने लाडके खेळ नव्याने येणार, आणि त्या यादीत दोन हमालही होते. शिवाय आता तार नको. एक खेळाडू इथे, दुसरा कुठल्याही गावी. थोरलीने चष्मा पुसून बातमी पुन्हा वाचली आणि गुडघेदुखी विसरून दुकान गाठलं.

पुढचे काही महिने तिने जशी वाट पाहिली तशी कोणी नवरदेवाचीही पाहत नसेल. यंत्राचा रंग कोणता, वजन किती, बटण दाबायला जड की हलकं, सगळ्याची बित्तंबातमी तिच्याकडे. दुकानात जमणारी तरुण मंडळी आधी गालात हसायची, नंतर तिलाच विचारू लागली, "मावशी, तारीख नक्की आहे ना?" आणि ती एक्स्चेंजच्या आवाजात सांगायची, "कृपया प्रतीक्षा करा." मग सगळे खो खो हसायचे.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना मात्र हे रुचलं नाही. "या वयात ही थेरं," असं ते जिन्यात म्हणाले, तिला ऐकू जाईल एवढ्या बेताने. तिने उत्तर दिलं, "मास्तर, तुम्ही रोज शब्दकोड्यात डोकं घालता, मी काही म्हणते का? तेही कधी सुटलेलं पाहिलं नाही मी."

मध्येच कंपनीने तारीख पुढे ढकलली. तरुणांनी बोटं मोडली, शिव्या घातल्या आणि आपापल्या कामाला गेले. थोरली खुर्चीत बसून राहिली. दुकानदाराच्या लक्षात आलं की ही बाई नुसती हिरमुसलेली नाही, घाबरली आहे. त्याने चहा मागवला आणि काही न विचारता समोर बसला. तेव्हा तिने त्याला धाकटीबद्दल पहिल्यांदा सांगितलं.

"फोनवरही खेळ असतात, मावशी," तो म्हणाला.

"भाचीने देऊन पाहिला. काचेवर तिचं बोट घसरतं. तिला दाबायला काहीतरी हवं. आणि तिला दुसरा खेळ नको, हाच हवा. मलाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मग कळेल," ती म्हणाली. "निदान कळेल तरी."

दुकानदाराने मान हलवली. त्या माणसाचे उपकार तिने पुढे अनेकदा बोलून दाखवले, आणि ते पुरेसं नाही असं तिला नेहमी वाटत राहिलं. त्याने दोन यंत्रं आधीच तिच्या नावावर ठेवली. रांगेत यायचीही गरज नाही म्हणाला. पण थोरली म्हणजे थोरली. ज्या दिवशी यंत्र आलं, त्या सकाळी ती सगळ्यांसारखी रांगेत उभी होती. एवढी वाट पाहायची आणि रांगेची मजा सोडायची, हे तिला पटलं नाही. कोणीतरी स्टूल आणून दिलं, कोणी छत्री धरली. "पुढे जा, मावशी," म्हणणारे बरेच निघाले, पण ती स्टुलासकट एकेक माणूस पुढे सरकत राहिली. खोकं हातात आलं तेव्हा रांगेने टाळ्या वाजवल्या. तिने मान लववून सगळ्यांचे आभार मानले आणि डोळे पुसले. यात लाजण्यासारखं काय आहे, असंही तिने बाजूच्या माणसाला बजावलं.

दुकानदाराने दुकान नोकरावर सोपवून दोन्ही यंत्रं स्वतः उघडली, एकमेकांशी जोडली, खेळ भरून दिला. "आता दोघींनी फक्त आपलं नाव लिहायचं, की झालं," तो म्हणाला. दुसरं यंत्र कुरियरने भाचीकडे गेलं.

रविवारी दुपारी थोरलीने सोफ्यावरची आपली जागा धरली. दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं, तरी चष्म्याचं घर मधे ठेवायला ती विसरली नाही. फोन स्पीकरवर लावला.

"आईच्या हातात दिलंय," भाची म्हणाली. "थांब, नाव लिहिते तिचं."

थोरलीने आपलं नाव लिहून टाकलं होतं. पलीकडून नुसती खुडबुड ऐकू येत होती. मग भाचीचा वैतागलेला आवाज आला.

"लिहूच देत नाही गं. मी लिहिते, ती माझ्या हातातून ओढून घेते आणि पुसून टाकते. मग एकच बटण दाबत बसते. परत लिहिलं, परत पुसलं." भाचीने सुस्कारा सोडला. "मावशी, खरं सांगू? नाही कळत तिला. नुसता नऊचा आकडा दाबतेय."

थोरलीने यंत्र मांडीवर ठेवलं आणि फोन जवळ ओढला.

"मावशी? ऐकतेस ना?"

"नऊ?"

"हो, नऊ. दुसरं काही नाही. मी परत एकदा नाव..."

"लिहू नकोस," थोरली म्हणाली. तिचा आवाज इतका बदलला होता की पलीकडची खुडबुड थांबली. "नऊच राहू दे. तेच नाव आहे तिचं."

नावाने हाक मारायची नाही, नंबरानेच. तिच्याच कसं हे लक्षात आलं नाही? लाइनवर बसताना कोणी स्वतःचं नाव लिहितं का? धाकटी बिचारी एवढा वेळ लेकीला तेच सांगत होती, आणि इथे आठ नंबर आपल्या घरच्या नावाने बसली होती. थोरलीने आपलं नाव पुसलं आणि आठ लिहिलं.

पडद्यावर नदी आली, पूल आला, पेटी आली. पेटीच्या एका बाजूला थोरलीची लाल टोपी, दुसऱ्या बाजूला धाकटीची निळी. निळी टोपी बराच वेळ नुसती उभी राहिली. थोरलीने घाई केली नाही. मग निळी टोपी वाकली आणि तिने पेटी उचलली.

दोघी निघाल्या. धाकटी दोनदा कठड्याला धडकली, एकदा उलटीच चालू लागली. पण चालली. पुलाच्या मध्यावर आल्यावर निळी टोपी थांबली, तिने आपली बाजू खाली ठेवली, आणि जागच्या जागी दोन उड्या मारल्या.

थोरलीने दोन्ही अंगठ्यांनी बटण दाबून पेटी तोलली. डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं, पण बटण सुटू दिलं नाही. फोनमधून भाची म्हणाली, "आई कपाकडे हात दाखवतेय. थांब, चहा देते तिला." कपाचा आवाज आला, मग घोट घेतल्याचा. मग निळ्या टोपीने एक उडी मारली आणि आपली बाजू पुन्हा उचलली.

आत आहे. थोरलीला आता कोणाच्या सांगण्याची गरज नव्हती. तिने मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानले. भाचीचे, दुकानदाराचे, छत्री धरणाऱ्याचे, ज्याला हा पोरकट खेळ सुचला त्या कोणा अनोळखी माणसाचे, आणि पाठीमागून फिरणाऱ्या त्या सुपरवायझरबाईंचेसुद्धा. त्यांनी बोलू दिलं असतं, तर न बोलता बोलायला कोण शिकलं असतं?

पुलाचं टोक जवळ आलं. पेटी पाण्यात टाकायची धाकटीची हीच ती नेहमीची जागा. थोरलीने क्षणभर विचार केला. मग तिने आपली बाजू खाली ठेवली आणि लाल टोपीला दोन उड्या मारायला लावल्या. यंत्र सोफ्यावर ठेवून ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने आधण ठेवलं. पाणी उकळू दिलं, पत्ती टाकली, झाकण ठेवलं, चहा गाळला. मुद्दामच घाई केली नाही.

बाहेरून भाचीचा आवाज येत होता. "मावशी, कुठे गेलीस? आई बटण सोडतच नाहीये गं. दोन्ही हातांनी धरून बसलीय, अंगठा पांढरा पडलाय तिचा. मलासुद्धा हात लावू देत नाही."

थोरली कप घेऊन सोफ्यावर येऊन बसली. पडद्यावर पेटी होती तिथेच होती, आणि तिच्याखाली निळी टोपी घट्ट पाय रोवून एकटी उभी होती.

"आले गं," ती म्हणाली, आणि लाल टोपीने एक उडी मारली.